धुरपताची गुप्त खबर

ग्रामसभेने ग्रामरक्षक दल नेमलं, तेव्हा त्यात बायका हव्यात असं कायद्याचं म्हणणं पडलं, म्हणून धुरपताचं नाव घातलं. ती कुणाशी भांडत नाही, एवढीच पात्रता. दलाने चोरट्या दारूची खबर द्यायची, देणाऱ्याचं नाव गुप्त राहायचं, आणि पोलिसांनी बारा तासांत यायचं.

अडचण एकच होती. गावातली हातभट्टीही एकच होती आणि ती धुरपताच्या धाकट्या भावाची, भय्याजीची. बोडीच्या पारीमागे, तळ्याच्या बांधाआड, दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा कुठल्या मडक्यात आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. भावजय गेल्यापासून दुपारचा डबा तीच तिथे पोचवायची. भट्टीचं सगळ्यात इमानी गिऱ्हाईक भय्याजी स्वतःच. त्याचे पाय सुजले होते, डबा रोज अर्धा परत यायचा.

सकाळी सातला तिने जमादार तेजरामांना फोन केला. अकराला नेहमीसारखी डबा घेऊन निघाली.

"पोलीस येऊन राहिले, भय्याजी. मीच सांगतलं."

घास हातातच राहिला. "काहून, बाई? मी भाऊ नाही होय तुहा?"

"कायदा ते विचारत नाही. बारा तास लिवले हायेत. चार झाले."

"मले पळून जाले सांगून राहिली का?"

"जेवाले सांगून राहिली. भात थंडा होते."

त्याने डबा जवळ ओढला. मग जेवला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा डबा पुसून खाल्ला. उठून एकेक मडकं उपडं करत गेला. शेवटचं त्याला उचलवेना, तेवढं तिने दुसऱ्या बाजूने धरलं.

साडेचारला तेजराम दोन पंचांना घेऊन आले. वास होता, दारू नव्हती.

"याले कोणी सांगतलं?"

"मीच जी," धुरपता म्हणाली.

"अन् आमाले..." तेजरामांनी जीभ चावली. पंचांकडे वळून म्हणाले, "ते नाव गुप्त हाये."

"कायचं गुप्त?" भय्याजी भडकला. "माह्या बहिणीनं देल्ली खबर! लिवा तिचं नाव!"

"कायद्यात बसत नाही जी."

रिकामी मडकी पंचनाम्यात गेली. "उद्या अकराले ठाण्यात येजो," तेजरामांनी बजावलं.

"अकराले?" भय्याजीने बहिणीकडे पाहिलं. "मंग डबा?"

"ठाण्यात आणीन," ती म्हणाली. "आजच्यासारखा पुरा खाजो."