डॉक्टर सुई का धरत नाहीत

प्राण्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन म्हणून ताईंना अठरा वर्षं झाली होती. रक्त काढणं, सलाइन लावणं, एक्स-रे घेणं, चावऱ्या कुत्र्याला बोलण्यात गुंतवणं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे नवे डॉक्टर येऊन पंधरा दिवस झाले तरी त्यांनी एकदाही सुई धरली नाही, हे ताईंच्या नजरेतून सुटलं नाही.

सुईची वेळ आली की डॉक्टरांना नेमका फोन यायचा. जाता जाता म्हणायचे, ताई, तुम्हीच घ्या, तुमचा हात हलका आहे. पहिल्यांदा ताई सुखावल्या. दहाव्यांदा शंकेची पाल चुकचुकली. भिंतीवरची पदवी खोटी तर नसेल?

एका दुपारी त्यांनी पदवीवरचा नंबर टिपून कॉलेजात फोन लावला. मोठ्या इस्पितळातून बोलतेय, असं बेधडक ठोकून दिलं. कारकुनाने रजिस्टर बघून सांगितलं, हा मुलगा वर्गात पहिला. ताईंचा संशय उलट दुप्पट झाला. पहिला आलेला माणूस सुईला भितो कशाला? की पदवी एकाची आणि माणूस दुसराच?

शेवटी त्यांनी डाव टाकला. एक म्हातारी मांजर नुसत्या रक्ततपासणीला आली, तेव्हा त्यांनी मनगटाला पट्टी गुंडाळली आणि हात लचकल्याचं सांगितलं.

डॉक्टरांनी मांजरीच्या पायावरचे केस कापले, स्पिरिट लावलं, सुई उचलली आणि तसेच उभे राहिले. मग मालकिणीला बाहेर बसायला सांगून त्यांनी दार लोटलं.

"ताई, मला शीर सापडत नाही," ते खाली बघत म्हणाले. "शेवटची दोन वर्षं कोरोनामुळे कॉलेज बंद होतं. प्रात्यक्षिकं सगळी पडद्यावर झाली. जिवंत जनावराला मी चारदासुद्धा टोचलेलं नाही."

ताईंना राग आला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? पण कॉलेजात केलेल्या फोनची लाजही वाटली. तोही त्यांनी सांगून टाकला. डॉक्टर ओशाळं हसले.

पट्टी सोडून ताईंनी मांजरीचा पाय धरला. "नुसतं बघू नका, बोटाने चाचपा. दोरीसारखी लागेल."

पहिली सुई चुकली, मांजर फिस्कारली. दुसऱ्या वेळी रक्त आलं.

पुढे रोज सकाळी डॉक्टर अर्धा तास लवकर येऊन रबरी नळीवर सराव करू लागले, शेजारी ताई. महिन्याभराने डॉक्टरांनी एका पिल्लाला एका झटक्यात सलाइन लावलं. ताईंनी तोंडभरून कौतुक केलं, आणि त्यांची पाठ वळताच सुई नीट बसलीय ना, ते वाकून पाहिलं.