सहा कप, सगळे सारखे

आईचं ईमेल उपासनानं अजून बंद केलं नव्हतं. आई जानेवारीत गेली. तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसच्या शटलमध्ये बसलं की ती आधी आईची पत्रं उघडायची. त्यात बहुतेक फुटकळच असायचं. कुठल्याशा दुकानाचा सेल, लायब्ररीचं पुस्तक परत करायची आठवण, नागपूरच्या कुणा मैत्रिणीनं शंभर जणांना धाडलेली गुलाबाची फुलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र एक खरं पत्र आलं. हिसाको नाकानो नावाच्या बाईंनी लिहिलं होतं, 'प्रिय कमला, तुमचे कप तयार आहेत. शनिवारी मार्केटला येताय ना? मध्यंतरी दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. माझ्यावर रागावलात की काय?'

उपासनानं ते पत्र शटल थांबेपर्यंत वाचलं. परत परत वाचलं. कप. आईनं कप मागवले होते.

संध्याकाळी सनीव्हेलच्या घरी आल्यावर तिनं पप्पांना विचारलं. पप्पा म्हणजे लहू गजभिये, वीज मंडळातून रिटायर झालेले, अकरा वर्षांपूर्वी आईबरोबर लेकीकडे राहायला आलेले.

"हिसाको? ती जपानी भांड्यांच्या बाजारातली असेल," पप्पा म्हणाले. "सॅन होजेला, जपानटाउनमध्ये, त्यांच्या विहाराच्या आवारात भरतो. तुझी आई दर मे महिन्यात जायची. मी ड्राइव्ह करायचो."

"तुम्ही आत नाही जायचात?"

"एकदा गेलो बाप्पा. साठ डॉलरचा कप, आणि तोही वाकडा! मी म्हटलं, आपल्याकडे असा कप केला तर कुंभाराची बायको त्याला घरात घेत नाही. तुझी आई म्हणाली, तुम्ही गाडीतच बसत जा."

एरवी उपासना हसली असती.

"शनिवारी मी जाणार आहे," ती म्हणाली.

"चल. मी गाडीत बसीन."

कप या एका शब्दानं ती इतकी का हलली, हे घरात कुणालाच, तिच्या नवऱ्याला आयुषलाही, ठाऊक नाही, अशी तिची समजूत होती. ऑक्टोबरात आईची केमो सुरू झाली तेव्हा नर्सनं सूचनांचा एक कागद हातात दिला होता. डोस झाल्यावर दोन दिवस पेशंटची भांडी वेगळी धुवावीत, असं त्यावर होतं. दोन दिवस. पण घरात उपासनाची मुलगी अनया होती, सहा वर्षांची, कुणाच्याही कपाला तोंड लावणारी. उपासनानं दोन दिवसांचं कायमचं करून टाकलं. घरातल्या पांढऱ्या कपांपैकी एकाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, आणि तो कप इतरांत न मिसळता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लागली. आईला काही बोलली नाही. सांगण्यासारखं त्यात आहे काय, असंच तेव्हा वाटलं होतं. दहाबारा दिवसांनी आईनं चहा सोडला. तोंडाला चव नाही म्हणाली. केमोत असं होतंच, असं सगळेच म्हणाले.

आई गेल्यावर दहाव्या दिवशी फ्रीमॉन्टच्या एका हॉलमध्ये पुण्यानुमोदनाला लोक जमले. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण आठवणी सांगू लागला. पद्मजामावशी, आईची शाळेतली मैत्रीण, नागपूरहून व्हिडिओवर होती. ती म्हणाली, "कमला गणितात पहिली. मास्तर आम्हा दोघींना गणितं सोडवायला घरी बोलवत. माणूस भला. चहासुद्धा देत. पण आमचे कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. प्यायचे, आपणच विसळायचे, परत कोनाड्यात ठेवायचे. मी आपली पीत होते. कमलानं एके दिवशी सांगून टाकलं, सर, मी चहा सोडला." हॉलमध्ये लोक कौतुकानं हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

उपासनाचे हात मांडीवरच राहिले.

हा इतिहास तिला नवा नव्हता. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं होती आणि त्यातलं एकही तिनं न वाचता ठेवलं नव्हतं. वेगळे कप, हॉटेलाबाहेर ठेवलेल्या बश्या, वरून ओतलेलं पाणी, कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे तेसुद्धा तिला सांगता आलं असतं. त्या सगळ्यात आपल्या आईचाही एक कप होता, एवढं मात्र तिला माहीत नव्हतं. आईनं ते कधी सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आईनं तो ठिपका पाहिला होता का? ठिपका बुडाला होता, कप उलटा केल्याशिवाय दिसणार नव्हता. आणि कप उलटा करून कोण बघतं? चार महिने ती स्वतःला हेच सांगत आली होती. कोण बघतं.

शनिवारी दहाच्या सुमारास ते पोचले. विहाराच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या तंबूंच्या चार रांगा होत्या. उपासनानं गाडी सावलीत लावली आणि पप्पा फोनवर कुणाचं तरी भाषण लावून बसले. ती एकटीच आत गेली.

आत शिरल्या शिरल्या तिला दिसलं ते हे: लोक कप उचलत होते आणि पहिल्यांदा उलटा करत होते. गोऱ्या म्हाताऱ्या, जपानी जोडपी, कॉलेजातली मुलं, सगळेच. कप, वाडगा, फुलदाणी, जे हाती येईल ते पालथं करायचं, बुडावरून अंगठा फिरवायचा आणि मगच सुलटं करून बघायचं.

एका टेबलापाशी ती थबकली. तिथला माणूस नुसत्या किटल्या विकत होता. तिच्या जॅकेटवरचं कंपनीचं नाव वाचून तो हसला. "चिपवाल्या? मीही वीस वर्षं तेच केलं. मग मातीत आलो. काम तेच आहे, तिथे विजेची गळती चालत नाही, इथे चहाची."

"सगळे उलटं करून का बघतायत?" तिनं विचारलं.

"वरून सगळेच नीट करतात. घडवणारा कोण आहे, कसा आहे, ते बुडावरून कळतं. त्याची खूणही तिथेच असते. या मार्केटला दोनदा आलेला माणूस कुठेही गेला तरी आधी कप पालथा करतो. माझी बायको वैतागते. लोकांच्या घरी जेवायला गेलो तरी माझं तेच."

उपासनानं मान हलवली. आई नऊ वर्षं इथे येत होती.

ती पुढे चालत राहिली, कारण थांबलं तर परत फिरावंसं वाटलं असतं. एक आजोबा फक्त भाताच्या वाडग्या करत होते आणि गिऱ्हाइकाला आधी ओंजळ करायला सांगून मग मापाची वाडगी काढून देत होते. एका मुलीनं बदामाच्या बागेतली राख झिलईत मिसळली होती. तिच्या बश्यांवर पाऊस सुकून गेल्यासारखे करडे ओघळ होते. कुठलीही दोन भांडी एकसारखी नव्हती. घडवणाऱ्यांना नावं कुणी विचारत नव्हतं, तरी भांडं कुणाच्या हातचं हे लोक ओळखत होते. आईला हे आवडलं असणार हे तिला तिथे उभं राहिल्यावर कळलं. आपण आईबरोबर एकदाही इथे आलो नाही, हेही.

हिसाको नाकानो शेवटच्या रांगेत होत्या. सत्तरीच्या, बुटक्या, बोटांची पेरं सुजलेली. उपासनानं आपलं नाव सांगितलं.

"कमलाची मुलगी!" त्या उठल्या. "ती कुठे आहे? गाडी लावतेय?"

"आई गेली. जानेवारीत."

हिसाकोंनी टेबलावरच्या कापडाची सुरकुती हातानं सरळ केली आणि खुर्ची पुढे ओढली. "बस," त्या म्हणाल्या. "मी आपली समजत होते, ती रागावली. ती रागवायची ना माझ्यावर."

"तुमच्यावर? कशाला?"

"पहिल्या भेटीतच. माझ्याकडे नवराबायकोचे कप असतात, एक मोठा, एक लहान. आमच्याकडे तशी रीत आहे. तुझ्या आईनं लहान उचलला आणि विचारलं, हा कोणाचा? मी म्हटलं, बायकोचा. ती म्हणाली, मग मला दोन मोठे द्या." हिसाको हसल्या आणि हसता हसता डोळे पुसले. "नंतर दर वर्षी यायची. सगळे कप पालथे करायची, शेजारी शेजारी लावायची, डोळा टेबलाच्या उंचीला आणून बघायची. म्हणायची, हिसाको, दोन तरी सारखे कर. मी म्हणायची, अगं, हातानं केलेले सारखे कसे होतील? मग काहीच न घेता जायची. नऊ वर्षं. माझं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक."

"मग या वेळी?"

"या वेळी तिनं फोन केला." हिसाकोंनी टेबलाखालून मातीचे डाग पडलेली एक वही काढली आणि पान शोधलं. "हे बघ. ती बोलली तसं लिहून घेतलं. आवाज थकलेला होता."

पानावर वर तारीख होती, ऑक्टोबरची चौदा. खाली तीन ओळी. सहा कप. सगळे सारखे. खाली कसलीही खूण नको.

उपासनानं तारखेवर बोट ठेवलं. ठिपका दोन तारखेला लावला होता.

"मी भांडले तिच्याशी," हिसाको सांगत होत्या. "खूण म्हणजे माझी सही. सही नसलेलं काम मी कधी विकलं नाही. ती म्हणाली, असं असेल तर राहू दे. एवढंच. पण ते अशा आवाजात म्हणाली की मीच म्हटलं, बरं बाई, नाही करत." त्या जराशा पुढे झुकल्या. "विचारू का? तुमच्या धर्मात काही आहे का असं, खूण नसावी असं?"

"हो," उपासना म्हणाली. "तसंच काहीतरी."

हिसाकोंनी आदरानं मान लववली. त्या खोट्यापुढे लवलेलं ते पिकलेलं डोकं बघणं उपासनाला कठीण गेलं.

मग कागदात गुंडाळलेले कप एकेक करून टेबलावर आले. ताकाच्या रंगाचे, बिनकानाचे, कडेला तपकिरी रेघ. सहाच्या जागी आठ होते. "भट्टीत एखादा वाकतो, म्हणून मी दोन जास्त करते," हिसाको म्हणाल्या. "जमतील तेवढे सारखे केलेत. महिनाभर माप घेऊन बसत होते. तरी हा बघ, केसभर बुटका. आणि या इथल्याचा रंग जास्त तापला. हे दोन बाजूला काढ, बाकीचे सहा—"

"नको."

"अगं, पण तिला सारखे हवे होते."

"आठही द्या," उपासना म्हणाली. "त्यातला एकही बाजूला नका काढू. प्लीज."

आवाज थोडा चढला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून बघितलं. हिसाकोंनी आठही कप परत कागदात गुंडाळले, एका खोक्यात रचले, आणि जास्तीच्या दोन कपांचे पैसे घ्यायला नकार दिला.

गाडीत पप्पांनी खोकं मांडीवर घेतलं आणि कागद सारून बघितलं. "आठ? घरात माणसं चार. तू, आयुष, पोरगी आणि मी. काहून आठ?"

उपासनानं गाडी सुरू केली होती. ती तिनं बंद केली.

"पप्पा, ऑक्टोबरात मी आईचा कप वेगळा केला होता. खाली ठिपका लावून."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुपारची भांडी कोण घासत होतं? तुमच्या त्या मशिनवर माझा भरोसा नाही." पप्पा समोरच्या काचेतून बघत होते. "मी तो ठिपका ब्लेडनं खरवडला. तू परत लावला. मी परत खरवडला, तू परत लावला. तीन खेपा. मग मी सोडून दिलं."

उपासनाला आठवलं. हल्लीचं नेलपॉलिश टिकत नाही म्हणून ती चिडली होती. चांगल्या कंपनीची नवी बाटली घेऊन आली होती.

"मला बोलायचं ना, पप्पा."

"काय बोलू? पहाटे उठून तू तिची ओकारी काढत होती. दिवसभर ऑफिस, घरी आली की पुन्हा तेच. तुझं तोंड बघितलं की शब्द निघत नव्हता." त्यांनी मांडीवरचं खोकं नीट केलं. "बोलायला पाहिजे होतं. चुकलंच माझं."

"आईनं कधी पाहिला?"

"पहिल्याच दिवशी. चहा झाल्यावर कप पालथा केला तिनं, सवयीनं. बराच वेळ बघत होती. मग हसली."

"काय म्हणाली?"

पप्पांनी खोक्याचा कागद पुन्हा नीट झाकला.

"म्हणाली, अहो, किती लांब आलो आपण."

समोरून एक जोडपं मोठा वाडगा दोघांत धरून गेलं. गाडीत ऊन यायला लागलं होतं. उपासना रडली नाही. चार महिने ज्या उत्तराची भीती होती ते आता आलं होतं, आणि त्यामागे अजून बरंच काही उभं असल्याचं तिला जाणवत होतं.

"आणखी काय म्हणाली?"

"पुरे, उपासना."

"नाही पप्पा. त्या दिवशी, नंतर, जे जे म्हणाली ते सगळं सांगा. मला बरं वाटेल असं निवडून नका सांगू."

"लांब आहे ते."

"असू दे."

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. बहुतेक किती झेपेल याचा अंदाज घेत होते. मग खोकं पायाशी ठेवलं, सीट थोडी मागे सरकवली, चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तू कामावर गेली होती," ते म्हणाले, "आणि तुझी आई खिडकीपाशी उभी होती."