तात्या बसत नाहीत

पल्लवीनं तात्याबांच्या टाचेखाली निळा प्लास्टिकचा कागद सरकवला आणि कागदी मोजपट्टी जखमेच्या कडेला धरली. लांबी तीन पूर्णांक दोन, रुंदी दोन. आकडे तिनं आधी मोठ्यानं म्हटले, मग फॉर्मवर लिहिले. तात्याबा पायाकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"दुखतंय का, तात्या?"

"न्हाई गं. टाचंत जीवच न्हाई. गुडघं तेवढं दुखत्यात."

दारात धनाजी उभे होते. तांबडा पटका, नव्यानं धुतलेलं धोतर, आणि आपल्याच लेकीच्या कामाकडं पाहण्याचा असा आविर्भाव, की येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सनी दोनदा वळून बघावं. म्हसवडजवळच्या त्यांच्या वाडीतून ते पहाटेच्या एसटीनं आपल्या जुन्या दोस्ताला, तात्याबांना, घेऊन निघाले होते.

"झालं न्हवं मोजून?" ते म्हणाले. "मग गोळ्या आजच चालू व्हत्याल."

"रक्ताचा रिपोर्ट यायचाय, आण्णा."

"येईल की. त्यात काय."

सांगली-मिरज रस्त्यावरच्या या हॉस्पिटलात मधुमेहाच्या जखमांवरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालला होता. पल्लवी त्याची समन्वयक होती. पेशंटला समजावून सांगणं, त्याची संमती घेणं, तपासण्या, तारखा, कागद, सगळं तिच्याकडं. गावात मात्र एवढंच माहीत होतं, की धनाजीची पोरगी सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात औषधं देती.

सकाळी संमती घेतानाच पहिला खटका उडाला होता. तात्याबांना वाचता येत नव्हतं, म्हणून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या श्रद्धाताई साक्षीदार म्हणून येऊन बसल्या होत्या. नियमाप्रमाणे कॅमेरा सुरू होता. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. जखमेची देखभाल मात्र सगळ्यांची सारखीच होते, हे पल्लवी सांगत होती.

"मला कंची मिळंल?" तात्याबांनी विचारलं.

"ते मलाबी कळणार न्हाई, तात्या. डॉक्टरांनाबी न्हाई."

मागून धनाजी हसले होते. "आरं, भितूस कशाला? घरची पोरगी हाय. तुला खरीच दील."

पल्लवीनं कॅमेरा थांबवला, वडिलांना बाहेर बाकावर बसवलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. तास-दीड तास गेला. शेवटी तात्याबांनी अंगठा उमटवला, तोही शाई लावण्याआधी उगाच दोनदा पुसून घेऊन.

रिपोर्ट एक वाजता आला. पल्लवीनं पान उलटलं आणि क्रिएटिनिनच्या ओळीवर तिची नजर थांबली. दोन पॉइंट एक. अभ्यासाची मर्यादा दीडची होती. ही गोळी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ज्याचं मूत्रपिंड थकलेलं आहे त्याला ती द्यायची नाही, हे नियमांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर होतं. तिला ती यादी पाठ होती. तरी तिनं ती काढून बघितली.

मग तिला शाळेतले दिवस आठवले. दिवाळी झाली की आई-आण्णा मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरत. पाऊस तोंडावर येईपर्यंत परतत नसत. शाळा बुडू नये म्हणून चौथी ते सातवी ती तात्याबांच्या घरी राहिली होती. सातवीच्या परीक्षेला तिला ताप होता, तेव्हा त्यांनी तिला सायकलवर बसवून केंद्रावर नेलं होतं आणि पेपर सुटेपर्यंत ते फाटकाबाहेर उन्हात बसून होते.

ती उठली आणि डॉक्टर मगदूमांच्या केबिनमध्ये गेली.

डॉ. जिनेंद्र मगदूम हे या अभ्यासाचे प्रमुख. हात हलका, पेशंटशी बोलणं मायेचं. पण गेला महिनाभर ते त्रासलेले होते. महिन्याला आठ पेशंट देऊ, असं त्यांनी कंपनीला सुरुवातीला सांगून टाकलं होतं. या महिन्यात दोन झाले होते. शुक्रवारपर्यंत निदान तिसरा मिळाला नाही, तर सांगलीचं केंद्र बंद करण्याचा विचार करावा लागेल, असं पत्र आलं होतं. केंद्र बंद म्हणजे पल्लवीचं कामही बंद. तिचं कंत्राट अभ्यासापुरतंच होतं.

त्यांनी रिपोर्ट वाचला, मग फाईल चाळली. तात्याबांनी पिशवीतून आणलेले जुने कागद तिनं फाईलला जोडले होते. त्यातला एक त्यांनी वर काढला.

"हा बघ. त्यांच्याच तालुक्यातल्या लॅबचा. एक पॉइंट चार."

"दीड महिन्यापूर्वीचा आहे, सर. चौदा दिवसांच्या आतला लागतो."

"झेरॉक्स आहे. तारीखसुद्धा धड दिसत नाही." ते क्षणभर थांबले. "आजचा रिपोर्ट फाईलला लावायलाच हवा असं नाही. तपासणी उद्याही होऊ शकते. पुढच्या आठवड्यातही होऊ शकते."

पल्लवी उभीच होती. टेबलाच्या काचेवर तिनं बोटं टेकवली आणि लगेच उचलली.

"आजचा रिपोर्ट फाईलला लागला आहे, सर."

"शुक्रवारचं तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि हा माणूस तुझ्या घरच्यासारखा. त्यालाच आपण नको म्हणायचं?"

"घरचा असो, परका असो. आकडा दोन पॉइंट एक आहे." तिचा आवाज चढला नव्हता, उलट जरा खाली आला होता. "प्रमुख तुम्ही आहात. तुम्ही ठरवलंत तर मी अडवू शकत नाही. पण निकष तपासल्याची जी सही असते, ती माझी नसेल. का नाही, तेही मी लिहून ठेवेन."

डॉक्टरांनी चष्मा काढला. काचा पुसायला रुमाल घेतला आणि तो न वापरताच खिशात ठेवला.

"जा तू," ते म्हणाले.

बाहेर बाकावर दोघं डबा उघडून बसले होते. तिला बघून धनाजींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"तात्या, तुमी या अभ्यासात बसत न्हाई," पल्लवी म्हणाली. तिनं ते सरळच सांगायचं ठरवलं होतं. "रक्तात किडनीचा एक आकडा जास्त आलाय. आसा आकडा आसला की ही गोळी द्यायची न्हाई."

धनाजी उठले आणि तिला चार पावलं बाजूला घेऊन गेले.

"किती जास्तीय?"

"सहा दशांश."

"म्हंजे एक आखाबी न्हाई! आगं, तेवढं खालवर हुतंच. मेंढरं मोजतानाबी हुतं."

"आण्णा, ह्यात होत न्हाई."

"त्यानं तुला चार वरसं जेवू घातलंय, पल्लवे."

"म्हाईत हाय मला."

"मी समद्या वाडीला सांगून आलोय. पारावर बसून सांगितलंय. तात्याचा पाय बरा करून आणतो म्हणून."

"कुणाच्या जिवावर सांगितलंत?"

"कुणाच्या म्हंजे? तुझ्या!"

पल्लवीनं वडिलांच्या डोळ्यांत बघितलं. लहानपणापासून या माणसाला उलट उत्तर देताना तिची नजर जमिनीवर असायची.

"हितनं पुढं दवाखान्यातलं काय बी माझ्या जिवावर सांगायचं न्हाई, आण्णा. मला जे देता येत न्हाई, ते तुमी परस्पर देऊन टाकता. मग माणसं आशा धरून तीन-तीन तास एसटीत बसून येत्यात."

धनाजी जाऊन डबा भरायला लागले. भाकरी फडक्यात गुंडाळताना त्यांचे हात घाईत होते.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि डॉ. मगदूम बाहेर आले. पल्लवीकडं न बघता ते सरळ बाकावर तात्याबांच्या शेजारी बसले. हातात दोन्ही रिपोर्ट होते, आजचा आणि जुना.

"तात्याबा, दीड महिन्यात हा आकडा बराच वर गेलाय. मधल्या काळात काही नवीन औषध सुरू केलंत?"

"न्हाई जी. साखरंच्या गोळ्या तेवढ्या. त्या जुन्याच हायती."

"कशासाठी म्हणून काहीच नाही?"

तात्याबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून गोळ्यांची एक चुरगळलेली पट्टी काढली. "ह्या गुडघ्याच्या. मेडिकलवाल्यानं दिल्या. सकाळ-संध्याकाळ. लय गुण हाय."

डॉक्टरांनी पट्टी उलटून नाव वाचलं.

"या दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद," ते म्हणाले. "मूत्रपिंडाला यांचाच त्रास झाला असणार. वेळेवर कळलं. आत्ताच आमच्या किडनीच्या डॉक्टरांकडं जायचं. मी चिठ्ठी देतो. पायाची मलमपट्टी इथंच करत जाऊ, अभ्यासात नसलात तरी."

उठताना त्यांची आणि पल्लवीची नजरानजर झाली. पट्टी त्यांनी तिच्या हातात दिली. नोंद करायची असते म्हणून.

संध्याकाळी ती दोघांना स्टँडवर सोडायला गेली. तात्याबांनी गाडीत चढण्याआधी तिच्या डोक्यावर हात ठेवला. धनाजी आधीच आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसले होते. गाडी हलली तरी त्यांनी मान वळवली नाही.

शुक्रवारी कंपनीच्या लोकांशी कॉम्प्युटरवर बैठक झाली. डॉ. मगदूमांनी आपल्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि पल्लवीला तीवर बसायला सांगितलं. असं याआधी कधी झालं नव्हतं. दोनच पेशंट का, याची विचारणा झाली. तिसऱ्याचं काय झालं, तेही विचारलं गेलं. पल्लवीनं कारण सांगितलं, आकड्यासकट.

"ठीक आहे," पलीकडच्या बाईंनी म्हटलं. "मग पुढच्या महिन्यात आठ होतील का?"

डॉक्टर काही बोलायच्या आत पल्लवी म्हणाली, "नाही. तीन होतील."

"तुमच्या केंद्रानं आठ सांगितले होते."

"इकडचे पेशंट लांबून येतात. एकेकाला समजावायला दीड तास लागतो, आणि समजल्यावर काही जण नाही म्हणतात. तीन होतील, आणि ते तीन शेवटपर्यंत टिकतील. आठ मी सांगू शकत नाही."

मग शेजारून डॉ. मगदूमांचा आवाज आला.

"आठ मी सांगितले होते. ते माझं चुकलं. त्या म्हणतात ते धरा."

केंद्र राहिलं. तीनवर.

त्यानंतरचे तीन आठवडे धनाजी फोनवर आले नाहीत. आई बोलायची. तात्यांचं बरं चाललंय, गुडघ्याच्या गोळ्या सोडल्यात, आकडा खाली आलाय म्हणत्यात, जखम हाय तशीच पण वास मारायची थांबली, असं सगळं सांगायची. "आण्णा कुठंयत?" असं पल्लवीनं विचारलं की ती म्हणायची, "मेंढरांकडं गेल्यात." त्यांच्याकडं आता अकराच मेंढरं उरली होती आणि ती अंगणात बांधलेली असत. पल्लवीनं ते कधी बोलून दाखवलं नाही.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी हॉस्पिटलातल्या तिच्या खोलीच्या दाराशी एक बाई येऊन थांबल्या. साठीच्या असाव्यात. डाव्या पायाला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं, बरोबर कुणी नाही.

"पल्लवी म्हंत्यात ती तूच व्हय?"

"व्हय. या, बसा. तुमी?"

"मी लीलाबाई. तुझ्याच वाडीच्या वरल्या अंगाची. तुझा बाप वळखतो मला." त्या खुर्चीत टेकल्या आणि एकदम जीभ चावली. "बघ, निघालंच तोंडातनं! नाव सांगू नगा म्हणाला हुता."

"कोण?"

"धनाजी. पारावर बसून समद्यांना सांगतोय. सांगलीला जायचं तर जावा, पर माझं नाव सांगू नगा. सांगून काय बी उपेग न्हाई. माझी पोरगी बापाचं ऐकत न्हाई, डॉक्टरचं ऐकत न्हाई, कागदात आसंल तेवढंच करती." लीलाबाई हसल्या. "आनि आसा ऐटीत सांगतोय म्हणून सांगू! जत्रंत मेंढा पयला आल्यावानी."

पल्लवी उठून कपाटाकडं वळली. संमतीचे फॉर्म समोरच्याच कप्प्यात होते, तरी ते काढायला तिला बराच वेळ लागला. परत येऊन बसली तेव्हा तिनं खुर्ची लीलाबाईंच्या जवळ ओढली.

"मावशी, हे समदं मी तुमाला वाचून दाखवणार हाय. तासभर तरी लागंल. मधी काय कळलं न्हाई तर थांबवा."

"लागू दे की. पर पयलं एक सांग. मी बसते का न्हाई?"

"ते मलाबी अजून म्हाईत न्हाई."

लीलाबाईंनी समाधानानं मान हलवली आणि पदर सावरून नीट बसल्या.

"आसंच म्हणंल, म्हणाला हुता," त्या म्हणाल्या. "वाच आता."