अर्धा शिक्का

सुई टोचते कापडाला, टोचून पुढे जाते, बाई. सवतीचं अक्षर टोचतं ते तिथंच मुक्काम करतं.

सवत म्हणायची, पण ती घरात नाही. ह्यांना दुसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, त्यानंतर दोन वर्षं तिने कोर्टाचे हेलपाटे घातले नि मग घटस्फोट घेऊन गेली. तिच्यामागून वर्षभराने मी आले. खटला पाच वर्षं रेंगाळला. तोवर ह्यांनी बाटली सोडली, गाडी विकली, आणि मग शिक्षा आली, सहा महिने कैद. अपील करून सध्या जामिनावर.

"खटला वेळेत चालवला नाही, हाच आपला मुद्दा," वकीलबाई म्हणाल्या. "पण सरकारी वकील विचारणार, आरोपीला एवढी घाई होती तर त्याने कधी तोंड उघडलं का?"

"खटला लवकर चालवा म्हणून अर्ज दिला होता की," हे म्हणाले. "तिने लिहिला होता. तिचं सगळं वेळच्या वेळी असायचं."

माझ्या हातचं तीन वर्षं जेवतायत. माझं काय वेळच्या वेळी असतं, त्यावर अवाक्षर नाही.

"कोर्टाच्या फायलीत तो अर्ज नाही," वकीलबाई म्हणाल्या. "अर्जाच्या प्रतीवर कोर्टाचा शिक्का मारून देतात, ती पोच शोधा. ती नसेल तर अवघड आहे."

पोच मलाच सापडली, ट्रंकेच्या तळाशी. अक्षर कसं, ओवून ठेवलेले मोती. 'माझे पती' चार वेळा. मोजलं मी. खाली सही, सहीपुढे 'पत्नी'. मी शिवणकाम करते, कात्री हाताशीच होती. म्हटलं, मागणी तर वर लिहिली आहे, सहीचं काय काम? तेवढी सही सरळ रेघेत कापून काढली.

वकीलबाईंनी कागद उजेडात धरला. "शिक्का अर्धाच? तारीख कुठंय?"

तारीख सहीशेजारी होती. मला सहीपलीकडे काही दिसलंच नव्हतं.

"उंदराने खाल्लं असेल," हे म्हणाले.

"उंदीर पट्टी लावून खात नाही," म्हणत वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

शिवणारी बाई चिंधी टाकत नाही. घरी जाऊन चिंध्यांची पिशवी उपसली, सहीचा तुकडा घेऊन परत आले. टेबलावर दोन्ही तुकडे जुळवले. शिक्का गोल झाला, आणि 'पत्नी' आपल्या जागी येऊन बसली.

"का कापला, ते प्रतिज्ञापत्रात सांगावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"जे आहे ते. खोटं लिहिलंत तर हेही हातचं जाईल."

मी लिहून दिलं, 'पतीच्या पहिल्या पत्नीच्या अक्षराचा हेवा वाटून मी हा कागद कापला.' न्यायाधीशांनी ते सावकाश, मोठ्याने वाचलं. मागच्या बाकावर कुणी खोकल्याच्या नावाखाली हसलं. पण शिक्क्यावरची तारीख बोलली. खटल्याच्या आठव्याच महिन्यात अर्ज होता, आणि पुढच्या सगळ्या तारखा सरकारी बाजूनेच वाढवून घेतलेल्या. शिक्षा रद्द झाली.

पायऱ्या उतरताना हे म्हणाले, "तिने नसतं असं कापलं."

हे कौतुक की टोमणा, मला अजून उलगडलेलं नाही.

निघण्याआधी मी पाहिलं होतं, कारकुनाने दाभणाने भोक पाडून तिचा अर्ज नि माझं प्रतिज्ञापत्र एकाच दोऱ्यात ओवलं. आता आम्ही दोघी जन्मभर त्या फायलीत. तिचा कागद वर, माझा खाली.

टाका कच्चा होता. मी असते तर पक्का घातला असता, पण माझा कागद वर ठेवून.