आवाजावरचे घट्टे

"जीभ अशीच बाहेर राहू द्या. आता लांब 'ई' म्हणा," घशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तिची जीभ चिमटीत धरून त्यांनी कॅमेऱ्याची दांडी आत सरकवली.

तिने 'ई' म्हटलं. म्हणजे म्हणायला गेली. तेल न घातलेल्या बिजागरीसारखं काहीतरी बाहेर आलं आणि मध्येच तुटलं.

बसस्थानकावर तिला सगळे घोषणाबाई म्हणत. काचेच्या खोलीत ती पाठमोरी बसायची, त्यामुळे चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता; पण तिच्या आवाजावर निम्मं शहर घड्याळ लावायचं. हल्ली मात्र प्रवासी कर्णा बिघडल्याची तक्रार घेऊन येत. स्थानकप्रमुखांनी ध्वनिमुद्रित आवाजाचं यंत्र मागवून ठेवलं होतं. तरी माणूस भला. "काकू, तुमचा घसा बरा होईपर्यंत ते खोक्यातून काढत नाही. पण फार दिवस नाही हं थांबता येणार," म्हणाले होते.

डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला.

"या दोन पट्ट्या. बोलताना एकमेकींवर आपटतात, त्यातून आवाज निघतो. आणि हे बघा, दोन्हींवर समोरासमोर घट्टे पडलेत. हाताला पडतात ना, तसेच."

घट्टे तिला चांगलेच ओळखीचे होते. नवरा सुतार होता.

"हे माईकमुळे नाही झालेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माईकवर माणूस हळूच बोलतो. हे ओरडून पडतात. कुणावर ओरडता?"

"कुणावरच नाही."

"घरी कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

"भांडता का फार?"

"भांडायला समोरच्याने तोंड उघडायला हवं. ते कुठले उघडतायत!"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण उत्तर मिळालेलं नाही हे त्यांना कळलं होतं. "आठवडाभर कडक मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानेही ताण येतो. मग माझ्याकडे यायचं आणि नव्याने बोलायला शिकायचं. घट्टे जातील. पण पुन्हा ओरडलात तर पुन्हा पडतील, आणि मग मात्र माईकसमोरची ती खुर्ची विसरा."

जिना उतरताना तिला वाटलं, इकडे आड तिकडे विहीर. ओरडत होती ती नवऱ्यासाठी. करवतीच्या यंत्रापाशी उभं राहून राहून त्याचे कान गेले होते. एकदाच ती म्हणाली होती, "कान दाखवून या बरं." तर तो ताटावरून उठला होता. "माझे कान ठणठणीत आहेत. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." त्यानंतर कितीतरी दिवस अबोला. कारखान्याचा नियमच होता, ज्याला ऐकू येत नाही त्याला करवतीजवळ उभं करायचं नाही. आणि करवतीशिवाय हा माणूस घरात बसून काय करणार? भिंतींकडे बघणार.

म्हणून तिने आवाज वाढवत नेला, त्याला कळणार नाही इतक्या बेताने. कारखान्यातले लोक कौतुकाने सांगायचे, "मिस्त्री यंत्रावर नुसता तळहात ठेवतो आणि पातं कुठे घासतंय ते अचूक सांगतो." तीही मान डोलवायची. तळहाताची गरज त्याला का पडते, हे आपल्याला एकटीलाच ठाऊक आहे असं तिला वाटायचं.

ती घरी आली तेव्हा तो स्टुलाचा डुगडुगता पाय बसवत होता. त्याने मान वर केली.

"काय म्हणाला डॉक्टर?"

'म्हणाली. बाई आहे ती.' सवयीने तिचे ओठ हलले, पण मौन वेळेवर आठवलं आणि आवाज तिने घशातच अडवला.

"बाई तर बाई. म्हणाली काय पण?" तो म्हणाला आणि त्याने हातोडी उचलली.

ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. खोलीत आवाज असा झालाच नव्हता. क्षणभर तिला वाटलं, चुकून बोललो आपण. मग तिने तोंड मिटून खात्री करून घेतली आणि त्याच्याकडे बघत नुसते ओठ हलवले.

'स्टुलाखाली हत्ती बसलाय.'

"बसू दे," तो म्हणाला. "आत्ताच पाय पक्का केलाय."

आणि हसत हसत त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहून त्याचं हसू ओसरलं. त्याने हातोडी खाली ठेवली.

"तू बोलत नव्हतीस?"

तिने नाही अशी मान हलवली.

"म्हणजे माझ्या कानांचं तुला कळलंय. कधीपासून?"

'फार वर्षं झाली,' तिचे ओठ म्हणाले. 'तुम्हाला?'

"मला तुझ्याआधी कळणार ना! कान माझे."

'मग मी एवढी ओरडत होते ते?'

"दिसायचं ना. गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. वाटायचं, तुला थांबवावं. पण थांबवायचं तर ऐकू येत नाही हे कबूल करावं लागलं असतं." त्याने पटाशीचं पातं अंगठ्याने चाचपलं. "भ्यालो, दुसरं काय."

तिला रागही आला आणि रडूही. दोन्ही आवाज न करता करणं फार अवघड होतं.

"तुझा आवाज बसलाय असं शेजारचे सांगत होते," तो म्हणाला. "मी नुसता हो हो म्हणत होतो. मला कसा कळणार? माझ्याकडे तो जुनाच आहे, लग्नातला."

मौन संपलं. मग डॉक्टरीणबाईंनी तिला श्वासापासून शिकवायला घेतलं. पोटातून हवा सोडायची, घशाला धक्का द्यायचा नाही. घरी तिला ओरडावं लागत नव्हतं. फक्त त्याच्यासमोर, उजेडात उभं राहून बोलायचं. मिस्त्री स्वतःहून त्याच दवाखान्यात कान दाखवून आला. आता कानाला यंत्र बसवायचं की काय, आणि कारखान्यात सांगायचं कसं, यावर घरात रोज चर्चा चाले. त्याच्या लेखी ती चर्चाही जवळपास मुकीच.

पुन्हा कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, ती आरशासमोर सराव करत होती. तो मागून आला, तिला स्वतःकडे वळवलं आणि घट्टे पडलेला तळहात तिच्या गळ्यावर ठेवला. मग डोळे मिटले.

"बोल."

तिने पहिल्या फलाटावरच्या गाडीची घोषणा केली, माईकवर करायची तशी, हळू. त्याची बोटं किंचित सरकली आणि एका जागी थांबली.

"सुरळीत चाललंय," तो म्हणाला. "कुठे घासत नाही."

हात मात्र त्याने काढला नाही. म्हणून तिने दुसऱ्या फलाटावरची गाडी सांगितली. मग तिसऱ्या.