माती कुठं द्यायची

टायरच्या दुकानाला लागून एक गाळा. शटर वर केलं की रबराचा वास.

इंदापूरच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत कडुनिंबाखाली एक थडगं, आणि त्याच्या अंगाला लागून एका माणसापुरती मोकळी जागा.

कालव्यापलीकडचा खडकाळ तुकडा. कुसळांशिवाय काही उगवत नाही. मालक मानसिंग.

अजित साळव्याची आई. आठवड्यातून दोनदा बारामतीत डायलिसिस.

या सगळ्याची मोट बांधता आली असती, तर सोपानची मंडळी उभी राहिली असती.

एमआयडीसीत कामाला आलेली ख्रिस्ती घरं वाढत चालली, म्हणून पाळक सोपाननं गाळा भाड्यानं घेऊन रविवारची उपासना सुरू केली. लोक यायचे. शिफ्ट धरायच्या आधी खच्चून गायचे, पोहे खायचे. पण जुन्या मंडळीतलं नाव काढून इथं लावा म्हटलं, की जो तो चपला शोधायला लागायचा. अजित ढोलकी वाजवायचा. तो तोंडावर बोलला.

"पाळकसाहेब, गायला तुमच्याकडं येतो. पण मेल्यावर कुठं? नाव हितं लावलं की तिकडची माती गेली. आईला काय शटरमागं ठेवू?"

"मानसिंगरावांनी जागेचा शब्द दिलाय."

"शब्दात खड्डा खणता येत न्हाय, साहेब."

सगळे हसले. सोपानही हसला. कुणीतरी पहिलं उठल्याशिवाय बाकीचे उठणार नाहीत, हे त्याला कळून चुकलं होतं.

पहिला उठला तो त्याचा बाप.

इंदापूरची ती मोकळी जागा गेणबांची, बायकोशेजारची. एका रविवारी आमेन व्हायच्या आत ते काठी टेकून उभे राहिले. "माझं नाव काढा तिकडनं. हितं लावा."

"आबा, आईजवळची जागा..."

"तिला एकलीला राहायची सवय झालीया. तुझं दुकान बसत चाललंय, ते बघ आधी."

पावसाळा सरला आणि गेणबा गेले. सकाळीच.

सोपान पळत कालव्यापलीकडं गेला. खडकाळ तुकड्यावर चुन्याच्या रेघा मारलेल्या. जेसीबी उभा.

मानसिंगनं मान खाली घातली. "मी खोटा न्हाय, पाळक. पण हितं आन शेजारी प्लॉट पडल्यात. दारात थडगं दिसलं तर कोण घेतंय? तुमी घ्याल?"

देवाखेरीज कुणापुढं वाकू नका, असं दर रविवारी सांगणारा सोपान चुन्याच्या रेघेवर त्याच्या पाया पडला.

"उठा वं," मानसिंग मागं सरकला. "लोकं बघत्यात."

टेम्पो. बर्फ. निमगाव केतकीत बाजाराची गर्दी, हॉर्नवर हॉर्न. मागं गेणबांच्या पेटीवर हात ठेवून अजित बसलेला.

इंदापुरात फाटकाची किल्ली जुन्या मंडळीच्या शिमोनतात्यांकडं. ते आतल्या बाजूला उभे.

"सलाम, तात्या."

"सलाम, लेकरा. गेणबा माझा सोबती. एका ताटात जेवलोय आमी. पण नाव काढून गेला तो. आज त्याला आत घेतला, तर उद्या समदे तिकडं गातील आन माती घ्यायला हितं येतील. मग ह्या मंडळीत राहील कोण?"

"मी काय करू, सांगा."

"तू परत ये. गाळा बंद कर. घरातला माणूस म्हणून आबाला घेतो."

"दुसरं काहीच न्हाय?"

"न्हाय."

टेम्पोतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. सोपाननं प्रार्थनेला डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं नुसती चुन्याची रेघ आली. त्यानं डोळे उघडले.

"लावा माझं नाव," तो म्हणाला.

फाटक उघडलं. कडुनिंबाखाली, बायकोच्या अंगाला लागून, गेणबांना जागा मिळाली. अजितनं फावडं घेतलं आणि शर्ट भिजेपर्यंत माती ओढली. मग फावडं सोपानच्या हातात दिलं.

"अजित, घरी जाऊन बोलू."

"व्हय," अजित म्हणाला. तो टेम्पोत बसला नाही. एसटी स्टँडकडं चालत गेला.

गेणबांनी नाव बदललं त्या रविवारी, ढोलकी बाजूला ठेवून अजितही उभा राहिला होता, आणि त्यानं स्वतःचं आणि आईचंही नाव गाळ्यात लावायला सांगितलं होतं.