नाव काढलेलं बाड

ते साल १९८३. त्या साली बाईंनी तिसरी कादंबरी हातावेगळी केली. पहिल्या दोन कधीच गाजून गेल्या होत्या. मग कॉलेजात कथालेखनाचा वर्ग गळ्यात पडला आणि दुसऱ्यांची पानं सुधारता सुधारता बाईंचे केस पिकले. ही कादंबरी आली नाही, तर आपण नुसत्या शिकवणाऱ्या उरलो, हे त्या ओळखून होत्या.

"छापून टाक बाई एकदाची," धाकटी बहीण म्हणायची. "तुझ्या कागदांपायी मी वर्षानुवर्षं मांडीवर ताट घेऊन जेवतेय. टेबल काय शोभेला आणलंय?"

बाईंच्या प्रकाशकांकडे एक रीत होती. लिखाणावरचं नावाचं पान काढायचं, मगच ते परीक्षकाकडे धाडायचं. नवख्यांवर अन्याय नको, म्हणून बाईंनीच ती घालून दिलेली.

"तुमचं सरळ छापतो की," प्रकाशक म्हणाले.

बाईंना ते झोंबलं. "मला वेगळा न्याय नको."

महिन्याभराने प्रकाशकांनी चेहरा पाडून बाड पुढे सरकवलं. "नकार आलाय. पण तुम्ही हो म्हणा, उद्या छपाईला देतो."

बाईंनी पानं उलटली. समासात पेन्सिलीने जागोजागी एकच प्रश्न: 'हे कुणी पाहिलं?' विद्यार्थ्यांनी न अनुभवलेलं, नुसतं पुस्तकी काही लिहिलं की बाई त्यांच्या पानांवर हाच प्रश्न लिहीत. अक्षर चिमणीचं होतं. वर्गातली सगळ्यांत हुशार, बारीक आवाजाची चिमणी. परीक्षकाचं काम तिला बाईंनीच मिळवून दिलेलं.

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी चिमणी स्वतःच चहाला टपकली. "बाई, तुमची नक्कल करणारा एक भामटा पकडला! आपल्याच वर्गातला असणार."

चहा घेऊन येणारी बहीण स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"इतकं वाईट होतं?" बाईंनी विचारलं.

"वाईट कुठलं! एक वाक्य चुकीचं नाही. तिथेच तर गोम आहे. तुमच्या कादंबऱ्यांत माणसं भांडतात हो. इथे सगळे तुमचे धडे गिरवतात."

बाईंनी तिच्या कपात साखर घातली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "बरोबर ओळखलंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकांना नको म्हणून कळवलं.

पुढे प्रकाशकांच्या मुलाने कथा-कादंबऱ्या बंद करून परीक्षांची गाइडं काढली, गाडी घेतली. चिमणीचं मोठं नाव झालं. बाईंचा वर्ग तीच चालवते, आणि बाईंनी मला खरं बोलायला शिकवलं, असं प्रत्येक भाषणात सांगते. बाई निवृत्त झाल्या, मग गेल्या. पेपरात 'लेखक घडवणाऱ्या शिक्षिका' असा मथळा आला; कादंबऱ्यांना अर्धी ओळ.

बहीण अजून बाईंच्या घरातच राहते आणि टेबलावर जेवते. त्याचा एक पाय आखूड होता. त्याखाली तिने बाडाची पहिली पानं घडी करून सरकवलीत. चिमणी कधीमधी येते, तिथेच चहा पिते. टेबल आता हलत नाही.